घणसोली ते मस्कत

जगात जे काही बिघडतं ते खटके कमी पडल्यामुळे बिघडतं, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा व्याही निघाला. खटका म्हणजे आपला स्विच. विषय कोणताही असो, गावातल्या पाण्याचा, पुढाऱ्यांचा किंवा माझ्या गुडघ्याचा, व्याही तो शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे, बोटाने मांडीवर काहीतरी दाबल्यासारखं करायचे आणि निकाल द्यायचे, "एका खटक्याला चार कामं दिली का बिघडनारच. मशीन असू दे नायतर मानूस असू दे." माझ्या गुडघ्याला चालणं, उभं राहणं, मांडी घालणं आणि जिना चढणं अशी चार कामं होती, म्हणून तो बिघडला होता. देवाने दर कामाला वेगळा गुडघा द्यायला हवा होता, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी जराही न हसता, देवाविषयी थोडी नाराजी ठेवून सांगितलं होतं.

घणसोली गावात, छत्री उघडली तर दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना लागेल अशा गल्लीत, त्यांची तीन मजली इमारत आहे. वडिलांची भातशेती होती, ती शहर वसताना गेली. तिच्यावर आता जे टॉवर उभे आहेत त्यांतल्या एकाची सावली दुपारनंतर व्याह्यांच्या गच्चीवर येते. "आपल्याच जमिनीची सावली, भाडं नाय लागत," असं ते पाहुण्यांना सांगत. खालचे दोन मजले भाडेकरूंचे, तिसरा त्यांचा स्वतःचा, आणि वर गच्चीत पत्र्याची एक खोली. त्या खोलीत विमान होतं. विमान म्हणजे संगणकावर विमान चालवण्याचा खेळ. पण खेळ हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे. माझ्या तोंडून तो एकदा गेला तेव्हा त्यांनी मला, "तुमी हापिसात काय खेळता काय?" असं विचारलं होतं. मी एका गोदामाच्या कंपनीत कारकुनी करतो. तो शब्द मी पुन्हा वापरला नाही.

खेळाला लागतो तो दांडा, म्हणजे जॉयस्टिक, आणि तो संगणक माझ्या जावयाने लग्नाआधी हौसेने घेतलेले होते. अजून मी त्याला जावई म्हणतो ती सवय. माझ्या मुलीचा आणि त्यांच्या मुलाचा संसार दोन वर्षं टिकला. मग ती सानपाड्याला आमच्याकडे परत आली, तो मस्कतला नोकरीला निघून गेला, आणि पुढे कोर्टाने दोघांच्या संमतीने कागद करून दिला. त्यांच्यात भांडण असं नव्हतंच. भांडण असतं तर आम्ही चार वडीलधाऱ्यांनी बसून मिटवलं असतं, तेवढं आम्हाला येतं. ते दोघं एकमेकांशी अत्यंत सभ्यपणे वागून वेगळे झाले आणि आम्हाला काही करायला जागाच उरली नाही. विहीणबाई तो दांडा भंगारवाल्याला द्यायला निघाल्या होत्या. व्याह्यांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि त्यावर मोजकीच बटणं असून एकेका बटणाला तीन-तीन कामं लावलेली आहेत हे लक्षात येताच त्यांचा संताप झाला. पोराचा संसार का मोडला याचं उत्तर सापडावं तसा त्यांचा चेहरा झाला होता, असं विहीणबाईंनी मला नंतर सांगितलं.

त्या दिवसापासून त्यांनी त्या दांड्याला खटके जोडायला घेतले. एक जुना कीबोर्ड उघडून त्यातली हिरवी पट्टी बाहेर काढली, तिच्यावर डाग देऊन वायरी जोडल्या आणि दुसऱ्या टोकांना घरातले जुने खटके लावले. विमानाची चाकं खाली घ्यायला कीबोर्डवरचं एक अक्षर दाबावं लागतं. तेच पुन्हा दाबलं की चाकं वर जातात. आता घरातला खटका एकदा खाली केला की खालीच राहतो, म्हणजे ते अक्षर दाबलेलंच राहतं. पहिल्या उड्डाणात व्याह्यांचं विमान मुंबईच्या आकाशात चाकं खाली-वर, खाली-वर करत, शाळेत शिक्षा झालेल्या पोराने उठाबशा काढाव्यात तसं गेलं. दुसरा कोणी असता तर नाद सोडता. व्याही गल्लीच्या तोंडाशी चाचांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. चाचा उरणकडचे, मोरा बंदराच्या बाजूचे. त्यांच्याशी बराच खल झाला. दाबल्यावर लागतो आणि बोट काढल्यावर सुटतो असा खटका कोणता, याचं उत्तर चाचांनी दिलं, दारावरच्या बेलचं बटण. व्याह्यांनी दुकानातली होती नव्हती ती सगळी बटणं उचलली. चाचांनी पिशवी बांधता बांधता विचारलं, "शेठ, घराला दारं किती काढलीत?"

तर असं ते विमान होतं. जुन्या शोकेसची फळी, तिच्यावर ओळीने बेलची बटणं, प्रत्येकावर छोट्या घंटेचं चित्र. चाकांची घंटा, दिव्यांची घंटा, ब्रेकची घंटा. पंखाच्या मागच्या कडेला जी झापड उतरताना खाली येते तिला व्याही 'पंखाचे कान' म्हणत, आणि कान खाली घ्यायला एक घंटा, वर घ्यायला दुसरी. खेळ थांबवून ठेवण्याचीही सोय असते, पण तो खटका त्यांनी बसवला नव्हता. "खऱ्या विमानाला हाय काय? मदीच आकाशात उभं ऱ्हातं काय ते?" विमानाची कामं संपली तरी त्यांच्याकडे बटणं शिल्लक होती. मग खाली चहा सांगायला एक आलं. जिन्यातल्या दिव्याला एक आलं. आणि रविवारी पाण्याच्या वेळेला आपण आकाशात असतो म्हणून इमारतीच्या पंपाचा खटकाही त्यांनी वर, पंखांच्या कानांशेजारी आणून बसवला. पुढे काय झालं ते सांगायलाच नको. एकदा उतरताना त्यांनी कान खाली घेतले असं त्यांना वाटलं. विमान वेगात धावपट्टी ओलांडून गेलं आणि इकडे गच्चीवरची टाकी भरून वाहिली. समोरच्या घरच्या म्हातारीने तिच्या ओट्यावर सुकट वाळत घातली होती. तिने खालून तोंड वर करून जे ऐकवलं त्यातलं लिहिण्याजोगं एवढंच, "आरं, तुजा विमान आकाशात चालतंय का खाडीत?" व्याही खिडकीतून वाकून शांतपणे म्हणाले, "जरा लांब उतारलं गं." आणि त्यानंतर दर महिन्याला त्या म्हातारीला मोऱ्याहून सुकट आणून देऊ लागले.

मी त्या खोलीत पहिल्यांदा गेलो तो मुलीच्या राहिलेल्या कपड्यांची पिशवी आणायला. कोर्टाचा कागद होऊन आठवडा झाला होता. जिना चढताना मी मनात वाक्यं जुळवत होतो. मुलीच्या बापाला अशा वेळी काय ऐकावं लागतं हे मला ठाऊक होतं आणि ते ऐकून घ्यायची माझी तयारी होती, किंबहुना कोणीतरी ते बोलावं असंच मला वाटत होतं. विहीणबाईंनी पिशवी दिली, पाणी दिलं. व्याही म्हणाले, "वर चला, एक दाखवायचंय." वर गेलो तर त्यांनी एक फळी, एक काळा मार्कर आणि चिकटपट्टीचं रीळ माझ्या हाती दिलं. माझं अक्षर चांगलं आहे हे त्यांनी लग्नाच्या आहेराच्या पाकिटांवर पाहिलं होतं. त्यांना बटणांवर नावं लिहून हवी होती. मी दिवसभर बसून 'चाकं', 'ब्रेक', 'कान खाली', 'पंप (विमानाचा नाही)' असं लिहीत राहिलो. त्या महिन्यात माझ्याशी कोणी त्याहून प्रेमाने वागलं नव्हतं.

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. दुसऱ्या रविवारी पाहतो तर त्यांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची, आणि तिच्यासमोर दुसरी फळी, तिच्यावरही तितकीच बटणं, तितक्याच घंटा. मी सहवैमानिक झालो होतो. आमच्याकडे व्याह्याला एक पायरी खाली बसवायचं म्हणजे पिढ्यानपिढ्या लक्षात राहणारी गोष्ट. खरं तर मान मुलाच्या बापाचा. पण त्यांच्या घरी मी पाहुणा, आणि पाहुण्याला एक बटण कमी देणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. ते म्हणत, "व्याही, चाकं घ्या," मी 'चाकं' दाबत असे, स्क्रीनवर चाकं खाली येत असत, आणि माझ्या अंगावर, खोटं कशाला बोलू, काटा येत असे. कितीतरी दिवसांनी, एकदा चाकं आधीच खाली आलेली दिसली आणि माझं बोट अजून वाटेतच होतं. मी फळी उचलून मागे पाहिलं. मागे एकही वायर नव्हती. त्यांनी अजिबात न लाजता सांगितलं की कीबोर्डच्या पट्टीवर जागाच उरली नव्हती, आणि मी दाबायच्या वेळी ते स्वतःच्या बाजूचं हळूच दाबत होते. "पन म्हनून तुमाला मोकल्या फलीसमोर बसवू काय?"

माझ्या लक्षात आलं याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी दुसरा कीबोर्ड फोडून माझी सगळी बटणं खरोखर जोडली. त्या दिवशीचं उतरणं मी विसरणार नाही. धावपट्टी समोर आली, ते "चाकं" म्हणाले, मी दाबलं, चाकं खाली आली. माझ्या वतीने दाबायच्या जुन्या सवयीने त्यांनीही दाबलं, चाकं वर गेली. मला वाटलं माझं नीट दाबलं गेलं नाही, मी पुन्हा दाबलं. त्यांनाही तसंच वाटलं. दोघंही मनापासून, एकमेकांना मदत करायच्या हेतूने दाबत राहिलो आणि विमान पोटावर घासत गेलं. बराच वेळ दोघं हसत होतो. विहीणबाई जिन्यातून ओरडून विचारत होत्या काय झालं म्हणून. मग मीच त्यांना म्हटलं, माझ्या वायरी काढून टाका. त्यांनी आढेवेढे घेतले, पण काढल्या. मला खरंच त्या नको होत्या. पुन्हा "व्याही, चाकं घ्या" सुरू झालं, पुन्हा मी दाबू लागलो. आता दोघांनाही माहीत होतं, तरी काही अडलं नाही.

आमचं विमान दर रविवारी मस्कतला जायचं. दुसरीकडे कुठेच नाही. गोवा जवळ पडेल, केरळ हिरवं दिसेल, असं मी सुचवून पाहिलं, पण त्यांना तिथे काय काम? मुंबईहून उडायचं आणि समुद्रावरून अडीच-तीन तास सरळ. वेळ भरभर पुढे नेण्याची सोय खेळात असते, तीही त्यांना मान्य नव्हती. समुद्र लागला की ते 'आपोआप' असं मी लिहून दिलेलं बटण दाबायचे, आणि मग स्क्रीनवर वर निळं, खाली निळं, दुसरं काही नाही. त्या निळ्यासमोर बसून आम्ही जेवायचो. विहीणबाई तांदळाच्या भाकऱ्या वर पाठवायच्या, वालाचं बिरडं असायचं, कधी चिंबोरीचा रस्सा. बोलणं सगळं आजूबाजूचं. मुलांचं नाव दोघांपैकी कोणी काढत नसे. शेवटी ओमानचे तपकिरी डोंगर दिसायला लागले की ते हात धुऊन, केसांवरून हात फिरवून बसायचे. विमान उतरलं की इंजिन बंद करायचे, दिवे बंद करायचे, आणि दारं उघडायचं बटण दाबून थोडा वेळ तसेच बसायचे. मग म्हणायचे, "चला, जालं."

मुलगा त्यांना खऱ्या मस्कतला बोलवत होता. तिकीट पाठवतो म्हणत होता. पासपोर्ट काढून झाला होता. एकदा मी विचारलं, का जात नाही. ते म्हणाले, "पोराचं मोकलं घर बगायला जाऊ? दोगं असतील तवा जाईन."

इथे मला ते सांगायला हवं जे मी त्यांना सांगत नव्हतो. माझी मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली होती आणि तिथे तिचं दुसरं जमलं होतं, तिच्या ऑफिसातल्याच एकाशी. मुलगा चांगला आहे. गेल्याच्या गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्यांनी तिथेच नोंदणी करून लग्न केलं. मी आणि बायको गेलो, जेवलो, फोटोत उभे राहिलो. आणि परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी घणसोलीला जाऊन सहवैमानिकाच्या खुर्चीत बसलो. माझी बायको म्हणाली, सांगून या, नाहीतर जाऊ नका. ती बरोबर होती. "मुलीचा बाप अजून उंबरा झिजवतोय म्हटल्यावर ते काय समजत असतील?" असं तिने विचारलं, आणि मी म्हटलं की ते समजूतदार आहेत. समजूतदार माणूस काय समजेल हे मला पक्कं माहीत होतं. आपल्यात संबंध तुटला की मुलीचा बाप त्या घराची पायरी चढत नाही. तो चढतो आहे याचा अर्थ एकच होतो, बोलणी अजून चालू आहेत. मी दर रविवारी न बोलता तेवढं सांगत होतो. त्यांचं मन मोडेल म्हणून सांगत नाही, असं मी स्वतःला समजावत असे. ते खरं नव्हतं. मला जायचं होतं. माझ्या घरी मी असा माणूस होतो ज्याने मुलीचं पहिलं लग्न धड लावलं नाही आणि दुसऱ्यात ज्याला कोणी विचारलं नाही. तिथे गच्चीवर मी व्याही होतो आणि माझ्यासमोर त्यांच्याइतकीच बटणं होती. त्यासाठी मी त्या माणसाला वर्षभर फसवलं.

गणपतीच्या आधीचा रविवार होता. समुद्रावर होतो. व्याही एका हाताने भाकरी मोडत होते, दुसरा हात सवयीने दांड्यावर. पुढे बघत म्हणाले, "गनपतीला पोरगा येतोय. दीड दिवसाचा गनपती हाय आपला. तुमी पोरीला घेऊन या. कोनी काय बोलनार नाय. नुसतं जेवायचं. हिने साडी पन आनून ठेवलीय."

मी म्हटलं, "व्याही, ती यायची नाही."

"तुमी सांगितलं तर येल."

"तिने लग्न केलं."

हातातला घास त्यांनी खाल्ला, नीट चावून. मग विचारलं, "कदी?"

"गेल्या वर्षी. उन्हाळ्यात."

"तुमी होता?"

"होतो."

"जेवलात?"

मी हो म्हटलं. या प्रश्नाइतकं मला आजवर काही लागलेलं नाही. ते मान हलवत राहिले, मी सांगितलेलं एकेक तपासून बाजूला ठेवावं तसे. मग म्हणाले, "आनि त्याच्यानंतर पन येत व्हतात." तो प्रश्न नव्हता. मग आवाज न चढवता त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. "मी पोराला दर रईवारी फोनवर सांगतो, व्याही आले व्हते. तो ईचारतो, काय बोलले? मी सांगतो, बोलतील. घाई करू नको. तिकडं दुसरी स्थलं सांगून येतात, तो नको म्हनतो. मी पन म्हनतो, थांब."

ते उठले, हात धुतले, पंच्याला पुसले आणि जिना उतरून खाली गेले. विमान तसंच चालू होतं. मी एकटा बसून होतो. खालून रडणं ऐकू येईल, भांडी आपटतील, काहीतरी होईल म्हणून कान लावून होतो, पण कुकरच्या शिट्टीखेरीज काही आलं नाही. समोर ओमानचे डोंगर दिसायला लागले. विमान उतरवायची वेळ झाली. माझ्यासमोरची बटणं दाबून उपयोग नव्हता आणि त्यांच्या फळीला हात लावायचं मला धाडस झालं नाही, नावं मीच लिहिलेली असूनसुद्धा. किनारा आला, खाली गाव आलं, धावपट्टी आली आणि मस्कत मागे पडलं. पुढे नुसती वाळू होती. विमान तिच्यावरून जात राहिलं, वेग कमी नाही की जास्त नाही.

विहीणबाई वर आल्या. गच्चीचा जिना त्या कधी चढत नसत. त्यांनी ताटं गोळा केली, माझ्या ताटात राहिलेल्या भाकरीकडे पाहिलं. "पोर बरी हाय ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मंग झालं," त्या म्हणाल्या आणि एका हाताने कठडा धरत, पायरी पायरीने खाली गेल्या. मी रागाची वाट पाहत होतो, त्यांनी तोही दिला नाही.

व्याही सदरा घालून जिन्यापाशी उभे होते. एरवी ते मला रिक्षात बसवून परत फिरायचे. त्या दिवशी रिक्षा केलीच नाही, स्टेशनपर्यंत चालत आले. चाचांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी आतूनच हाक मारली, "काय व्याही, आज पायी?" त्याचं उत्तर मी द्यायच्या आत व्याह्यांनी दिलं, "व्हय, चालले ते." मग गावठाण संपलं, रुंद रस्ता लागला, आणि आम्ही दोघं आपापल्या कडेने, मधून एखादा माणूस जाईल एवढं अंतर ठेवून चालत राहिलो. मी माफी मागायला तोंड उघडलं तेव्हा ते समोरच्या उंच इमारतीकडे हात करून म्हणाले की तिथे त्यांच्या वडिलांचं खळं होतं. मी तिकडे पाहिलं. माझी माफी त्यांना त्या वेळी नको होती, आणि मला ती मागून मोकळं व्हायचं होतं. तेवढं तरी मला कळलं आणि मी चालत राहिलो.

स्टेशनच्या पायऱ्यांशी ते थांबले. खिशातले हात त्यांनी बाहेर काढले नाहीत. "पासपोर्ट काढलेला हाय," ते म्हणाले. "जाऊन येतो म्हनतो पोराकडं. एकटा हाय तो." मी म्हटलं, या जाऊन. त्यांनी मान हलवली. मी चार पायऱ्या चढलो असेन, मागून त्यांचा नेहमीचा आवाज आला, "घरी पोचलात का फोन करा." दर रविवारी ते हेच म्हणायचे, आणि घणसोलीहून सानपाड्याला पोचायला असा किती वेळ लागतो, तरी मी दर रविवारी पोचल्याबरोबर करायचो. मी वळलो. आपण सवयीने बोलून गेलो हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "नको. ऱ्हाऊ दे."

मी घरी पोचलो. बायकोने चेहरा पाहिला आणि पाणी दिलं. फोन हातात घेऊन मी बराच वेळ खिडकीशी बसलो आणि मग तो चार्जिंगला लावून दिला.

त्याला आता वर्ष होत आलं. ते मस्कतला खरोखर गेले की नाही, मुलाने कुठलं स्थळ पाहिलं की नाही, हे मला माहीत नाही. ज्याला विचारावं असं माणूस आम्हा दोघांच्या मध्ये आता कोणी राहिलेलं नाही. मुलगी अधूनमधून विचारते, बाबा, तुम्ही रविवारी हल्ली घरीच असता? मी म्हणतो, गुडघा दुखतो. फोन मात्र मी त्यांना केला नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं होतं. पण रविवारी जेवण झालं की कधीकधी वाटतं, पोचलो म्हणून मी त्यांना कळवलेलं नाही. तेव्हा त्यांच्या लेखी मी अजून पोचलेलो नसेन. घणसोलीहून निघालोय, आणि वाटेतच कुठेतरी आहे.